उठबस

गेल्या श्रावणात मुलाच्या नव्या घरी सत्यनारायण घातला. पूजेला मुलगा-सून बसतील असं मी धरून चाललो होतो, पण मुलगा म्हणाला, "बाबा, पहिली पूजा घरातल्या मोठ्यांच्या हातून व्हावी." ऐकायला गोड वाटलं. हा निर्णय घेताना माझ्या गुडघ्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

सोवळं नेसून मी पाटावर बसलो. बसण्यात तसं काही कर्तृत्व नसतं. माझं वजन तेव्हा ९२ किलो होतं आणि पृथ्वीला माझ्याविषयी विशेष ओढ आहे. मी विरोध करायचा थांबलो की बाकीचं ती बघते. कलशपूजन, नवग्रह, पंचामृत होईतो सगळं ठीक होतं. दुसऱ्या अध्यायात मी मांडी बदलली. तिसऱ्यात पुन्हा बदलली. चौथ्या अध्यायात साधुवाण्याच्या नौकेतल्या धनाची लतापत्रं होतात, तोवर माझ्या डाव्या पायाचंही तसंच काहीसं झालं होतं. दिसायला पाय जागच्या जागी होता, पण आत कुणी नव्हतं.

मग गुरुजी म्हणाले, "यजमान, आरतीला उठा."

सगळे उठले. शेजारी बसलेली ही उठली, तीही पदर सावरत. मी उजवा हात टेकला, मग डावा टेकला, उजवा गुडघा उभा केला आणि थोडा विचार केला. सोवळ्याचा काठ गुडघ्याखाली अडकला होता. निरांजन पेटलं होतं, झांज सुरू झाली होती आणि खोलीतली सगळी माणसं देवाकडे पाहत असल्यासारखं दाखवून माझ्याकडे पाहत होती. हाताशी जे उभं दिसलं ते मी धरलं. तो चौरंगाला बांधलेला केळीचा खुंट निघाला. केळीला खरं खोड नसतं, नुसती पानांच्या देठांची गुंडाळी असते, हे शाळेत शिकलो होतो. त्याचा प्रत्यय साठीनंतर आला. खुंट माझ्याबरोबर खाली आला. शिऱ्याचं पातेलं वाचलं, ही देवाचीच कृपा.

त्या गडबडीत एक विशीतला मुलगा वाकून हळूच म्हणाला, "काका, खुर्ची आणू का?"

मराठी पुरुषाचं आयुष्य तीन वाक्यांत विभागलेलं असतं. "दादा, जरा सरकता का?" हे पहिलं. "काका, किती वाजले?" हे दुसरं, आणि पहिल्यांदा ऐकताना ते जरा लागतं. "काका, खुर्ची आणू का?" हे तिसरं. त्याच्यापुढे चौथं वाक्य नाही. त्यानंतर लोक आपल्याशी न बोलता सरळ खुर्चीच आणतात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात 'उठबस' हा शब्द घोळतोय. मराठीने या एका शब्दाला किती कामं लावली आहेत! एखाद्याची मोठ्या लोकांत उठबस असते. आल्यागेल्याची उठबस घरच्या बाईला करावी लागते. शाळेत गृहपाठ राहिला की कान धरून उठाबशा काढाव्या लागत, आणि तालमीत त्याच क्रियेला बैठक म्हणून मान मिळे. कुठेही घ्या, उठणं आणि बसणं जोडीने येतं. माझ्या आयुष्यात या जोडीतलं बसणं तेवढं टिकलं. ३४ वर्षं बँकेच्या खुर्चीत बसलो, जाता-येता स्कूटरवर बसलो, घरी येऊन सोफ्यावर बसलो, जेवायला टेबलाशी बसलो. जमिनीशी माझा संबंध फक्त चपलांपुरता उरला होता.

तेव्हा घरात जमिनीवर बसणारं एकच माणूस होतं, आई. वय ८४. ती भाजी निवडायला बसते तेव्हा पाहण्यासारखं असतं. डावा पाय आडवा दुमडलेला, उजवा गुडघा उभा, त्या गुडघ्याला टेकलेलं कोपर, पुढे मेथीची जुडी आणि सूप. अर्ध्या तासाने भाजी संपली की उजवा हात गुडघ्यावर येतो, एक छोटंसं 'हं' ऐकू येतं आणि आई डाव्या हातात सूप घेऊन उभी असते. मधला भाग कधी झाला ते कळतच नाही. माझ्या उठण्याला मात्र मधला भाग सोडून दुसरं काही नसतं.

जुन्या काळाचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. जातं, पाटा-वरवंटा, रहाट, मुसळ यांनी बायका काटक राहिल्या असं पुरुष मंडळी पान खात सांगतात. ज्यांच्या पाठी त्याने वाकल्या त्यांना विचारून कुणी सांगत नाही. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि पाटा त्याच दिवशी परसात नेऊन कपडे धुवायला टाकला होता. पण जमिनीवर बसणं तिने सोडलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "खुर्चीत बसून मेथी निवडली की चांगली पानं देठांत जातात." इतकंच. आरोग्याबिरोग्याचा तिच्या मनात काही विचार नाही.

पूजेनंतर चार दिवसांनी मला ब्राझीलमधल्या एका डॉक्टरांविषयी वाचायला मिळालं. क्लाउडिओ जिल अराउजो त्यांचं नाव. रिओ दि जानेरोमध्ये ते व्यायामवैद्यकाचं काम करतात. त्यांची एक चाचणी आहे, तिला ना यंत्र लागतं ना सुई. अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर बसायचं आणि पुन्हा उठायचं. बस्स. बसण्याला ५ गुण, उठण्याला ५. हात टेकला, गुडघा टेकला, कोपर टेकलं, हात गुडघ्यावर ठेवून जोर घेतला, तर प्रत्येक आधाराला एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा वजा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना त्यांनी असं उठवलं-बसवलं, आणि पुढची सहाएक वर्षं त्यांच्यातलं कोण राहिलं, कोण गेलं याची नोंद ठेवली. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना तीन किंवा कमी गुण मिळाले होते, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून जास्त निघालं.

उठता आलं नाही म्हणून कुणी मरत नाही, हे खरंच. पण हात न टेकता उठायला मांड्यांत ताकद लागते, घोट्यांत आणि कमरेत लवचीकपणा लागतो, तोल सांभाळावा लागतो, आणि वजन व ताकद यांचं एकमेकांशी जमावं लागतं. आत कुठे काय गंजलंय ते या एका उठण्यात दिसतं. जुन्या लाकडी दारासारखं. दार उघडून पाहिलं की कळतं, बिजागरी गेलीय की चौकट फुगलीय.

रविवारी हॉलमधलं टीपॉय सरकवून परीक्षा घेतली. परीक्षक म्हणून नात. वय ७, दुसरीत आहे आणि गुण कापण्याची तिला मनापासून आवड आहे. (जे स्वतः करून पाहणार असतील त्यांनी शेजारी धडधाकट माणूस उभा करावा आणि दुखरे गुडघे असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. केळीचा खुंट चालत नाही.) बसताना माझा एक हात टेकला आणि शेवटी तोल गेला. साडेतीन. उठताना दोन्ही हात, एक गुडघा आणि वर गुडघ्यावर हाताचा रेटा. एक. एकूण साडेचार. नातीने वहीत लिहिलं आणि त्याखाली लाल रेघ मारली.

हिला साडेसात मिळाले. मी आश्चर्य दाखवलं. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "त्यात काय एवढं? टेबलाशी तुम्ही बसायचात. लोणचं, मीठ, पाणी, अजून एक पोळी, तव्यावरचा पापड. प्रत्येक वेळी कोण उठायचं?" ३४ वर्षांच्या संसाराचा हिशेब तिने त्या एका वाक्यात मांडला. घरातली उठबस तिने केली, म्हणून तिला साडेसात. मी ती करवून घेतली, म्हणून मला साडेचार. अराउजोसाहेबांच्या तक्त्यात हा रकाना नाही, तो आमच्या घरी सापडला.

आईने मात्र परीक्षेला बसायला साफ नकार दिला. "आजी, खाली बस आणि ऊठ," नात म्हणाली. "कशाला?" "असंच." "अगं, असंच कुणी उठतं का? उठून आणायचं काय आहे?" शेवटी सुपारीचा डबा पलीकडे ठेवला आणि तिला तो आणायला सांगितला. आई बसली, उठली, डबा आणला. जाताना आणि येताना गुडघ्यावर एकेकदा हात, म्हणून दोन गुण कापले. आठ. तिला कळलंही नाही की ती पहिली आली.

आईचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. उठून आणायचं काय आहे? माझ्या आजवरच्या सगळ्या व्यायामांची वाट याच प्रश्नाने लावली असावी. प्रयत्न मी कमी केले नाहीत. निवृत्तीनंतर सकाळी बागेत फिरणाऱ्यांच्या गटात गेलो. गट उत्तम होता. बागेला दोन फेऱ्या मारायच्या, बाकावर बसून राज्याचं राजकारण मार्गी लावायचं आणि मिसळ खाऊन घरी यायचं. तीन महिन्यांत माझं वजन दोन किलोंनी वाढलं आणि राजकारण होतं तिथेच राहिलं.

मग मुलाने मनगटावरचं घड्याळ आणून दिलं. रोज १०,००० पावलं, असा त्याचा हुकूम. हा आकडा कुठून आला ते नंतर समजलं. टोकिओ ऑलिंपिक होऊन गेल्यावर, १९६५ मध्ये, जपानमधल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमोजणी यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा डॉक्टरच्या खोलीतून आला नव्हता, यंत्राच्या खोक्यावरून आला होता. डॉक्टरांनी तो तपासायला पुढे कितीतरी वर्षं घेतली. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पावलं मोजून पाहिली, तर रोज ४,४०० पावलं टाकणाऱ्यांतही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक राहिला नाही. हे मला आधी कळलं असतं तर रात्री अकरा वाजता उरलेली पावलं भरून काढायला मी दिवाणखान्यात येरझाऱ्या घातल्या नसत्या, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं नसतं. हिच्या घड्याळाची तर वेगळीच मजा. कणीक मळली की ते पावलं मोजतं. पुरणपोळ्यांच्या दिवशी ओट्यापासून न हलता ती कुठल्या कुठे पोचलेली असते. मला तो घड्याळाचा दोष वाटत नाही.

जिमचं फार सांगण्यासारखं नाही. वर्षाचे पैसे भरले, ११ दिवस गेलो. तिथे चारी भिंतींना आरसे होते. एका वेळी चार मी, म्हणजे ३६८ किलो, हे दृश्य सकाळी सहा वाजता कुणालाही पाहवणार नाही. तिथला पोरगा प्रेमाने वागायचा, पण माझ्याकडे बघताना त्याला मी दिसत नसे, माझ्यातून वजा करायचे २५ किलो दिसत. आजूबाजूचे सगळे आधीच सडपातळ. अंघोळ करूनच नदीवर यावं, तसे. बाराव्या दिवशी मी गेलो नाही आणि कुणी चौकशीही केली नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. 'व्यायाम' हा शब्द बारीक लोकांनी बळकावला आहे. लठ्ठ माणूस धावताना दिसला की लोक कौतुकाने पाहतात, आणि ते कौतुक हसण्यापेक्षा जास्त लागतं. आधी बारीक हो, मग हल, असा काहीतरी उलटा कायदा आपण करून ठेवलाय. या कायद्याविरुद्धचा माझा सगळ्यात आवडता पुरावा लंडनच्या बसमधला आहे.

जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकार वाढत होता आणि का ते समजत नव्हतं. मॉरिसनी लंडनच्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या. डबलडेकर बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच वस्तीत राहणारे, एकाच पगारगटातले, एकच धूर खाणारे. फरक इतकाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लिहिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर झटक्यासरशी मरण येण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं.

यावर शंका घेणाऱ्यांनी शंका घेतलीच. मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसनी काय करावं? त्यांनी गणवेश खात्याकडून सगळ्यांच्या विजारींची कमरेची मापं मागवली. आणि १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांवर एक शास्त्रीय निबंध छापला! ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच रुंद निघाल्या. पण खरी गंमत पुढे आहे. कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो की ढेरपोट्या, त्याच मापाच्या ड्रायव्हरपेक्षा त्याचं हृदय सुरक्षित होतं. जिन्याने त्याची कंबर विचारली नाही. हे वाचलं त्या रात्री मी माझी ४२ची पँट आदराने घडी घालून ठेवली. मॉरिस २००९ मध्ये गेले तेव्हा ते ९९ वर्षांचे होते.

(मुंबईत हे संशोधन जमलं नसतं. बेस्टच्या जुन्या डबलडेकरला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत, त्यामुळे जिना कुणाच्याच वाट्याला धड आला नाही. आता त्या जुन्या डबलडेकरही २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आपल्या एसटीचा कंडक्टर मात्र यात बसला असता. उभ्या प्रवाशांमधून, बोचकी आणि कोंबड्यांवरून पाय टाकत तो जी वाट काढतो तिला व्यायाम म्हणणं म्हणजे कमी लेखणंच.)

हलण्याला माप नसतं हे बायकांना आधीपासून ठाऊक असावं. ही आमच्या भागातल्या मंगळागौरीच्या गटात आहे. पंचावन्न ते सत्तर वयाच्या, काडीपासून कणगीपर्यंत सगळ्या आकारांच्या बायका. नऊवारीच्या आत गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मी एकदा सामान पोचवायला गेलो आणि दारात उभा राहून तासभर पाहत राहिलो. फुगडीला वजनदार जोडीदारीण मुद्दाम मागून घेतात, कारण ती पाय रोवून राहिली की दुसरीला निर्धास्तपणे मागे झुकता येतं. जगात वजनाला इतकी सन्मानाची जागा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. बसफुगडीत तर उकिडवं बसून पाय आळीपाळीने पुढे टाकायचे. सत्तरीच्या एक आजी तीन टाकून धपकन बसल्या, सगळ्या हसल्या, सगळ्यात जास्त त्या स्वतः हसल्या आणि चौथ्यासाठी उठल्या. आरसा एकही नव्हता.

सूर्यनमस्कारांचंही सांगायला हवं, नाहीतर मी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणेल. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. स्वतः घालत, संस्थानातल्या शाळांतून पोरांकडून घालवून घेत, त्यावर पुस्तक लिहिलं. १९५१ मध्ये ते गेले ते ऐंशी ओलांडूनच. मी रथसप्तमीला १२चा संकल्प सोडला. तिसऱ्या नमस्काराला साष्टांग स्थितीत पोचलो. तिथे पाय, गुडघे, हात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगं टेकायची असतात आणि पोट उचलून धरायचं असतं. माझं पोट बाकीच्यांची वाट न पाहता आधीच टेकलं होतं, आणि त्याच्या भरवशावर बाकीची आठही हवेत होती. थोडा वेळ तसाच राहिलो. ही देवघरातून बाहेर आली, मी ध्यानात आहे असं समजून पाऊल न वाजवता परत गेली.

तर परीक्षेच्या संध्याकाळी ठरवलं: रात्रीचं जेवण खाली, पाटावर. यात उठून काहीतरी आणायचं असतं, आईची अट पूर्ण होते. १९९६ मध्ये आम्ही हौसेने डायनिंग टेबल घेतलं होतं. पाहुण्यांना ते दाखवायला दिवे लावत होतो. आता त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. पहिल्या रात्री मी भिंतीजवळचा पाट धरला, एक हात भिंतीला. वरण-भात संपेतो पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या रात्री पाटाखाली घडी घातलेली चादर घेतली. बूड चार बोटं उंचावलं की गुडघ्यांवरचा ताण निम्मा होतो, हा आईचा सल्ला. आणि नियम केला की वाढणं माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मी सगळं आधीच आणून ठेवायचो. मग लक्षात आलं की ही हुशारी म्हणजे कॉपी आहे. आता मीठ मुद्दाम आत ठेवतो. मीठ, मग लोणचं, मग ताक. एका जेवणात चार-पाच बैठका होतात आणि कुणी टाळ्या वाजवत नाही, ही मोठी सोय.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना हे जमण्यासारखं नाही. दोन्ही गुडघे बदललेले, डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून सांगितलंय. त्यांनी आपली वेगळी उठबस काढली आहे. भक्कम, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर दुमडायचे आणि खुर्चीतून उठायचं, बसायचं. मालिकेत जाहिराती लागल्या की सुरू, मालिका सुरू झाली की बंद. वृद्धांची ताकद मोजायला अशी अर्ध्या मिनिटाची चाचणी डॉक्टर खरोखरच वापरतात, हे त्यांना मी सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यांच्याकडेही तीच मालिका असेल." जागतिक आरोग्य संघटना पूर्वी सांगायची की हालचाल सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची. २०२०च्या सूचनांत ही अट काढून टाकली. आठवड्याला दीडशे मिनिटांचा सल्ला कायम आहे, पण ती मिनिटं सुटी चालतात. काकूंचं हे चिल्लर खातं तेव्हापासून अधिकृत झालं.

पाच महिने झाले. वजन ९२चं ९० झालंय, ते दोन किलो काही कुणाच्या डोळ्यांत भरणारे नाहीत. पँट ४२चीच आहे. उठताना आवाज अजून येतो, फक्त 'अगं आई गं'मधला 'अगं' गळलाय. आतल्या खोलीतून आई "काय रे?" म्हणते, ते तेवढं बंद झालेलं नाही.

गेल्या रविवारी फेरपरीक्षा झाली. बसताना एक हात. उठताना एक हात, गुडघ्यावर रेटा आणि अगदी शेवटी तोल किंचित गेला. नातीने दोनदा बोटं मोजली आणि साडेसहा लिहिले. तो अर्धा गुण सोडून दे म्हणून मी बरीच विनवणी केली, चॉकलेटचाही विषय काढला. "आबा, तुम्ही हललात," एवढंच तिने सांगितलं. तिच्याकडे फेरतपासणीची सोय नाही.

श्रावणात मुलाकडे पुन्हा पूजा आहे आणि पाटावर पुन्हा आम्हीच बसणार आहोत. गुरुजींचा आधीच निरोप आलाय: या वेळी माझ्या बाजूचे दोन्ही खुंट ते खिडकीच्या गजाला बांधणार आहेत.